घरभेटीची वही : समुदाय आधारित पुनर्वसनाचं नियोजन आणि प्रगतीचं मोजमाप, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागात काम करणारे कार्यकर्ते, अंगणवाडी सेविका, आशाताई, पालक आणि अधूनमधून एखादे सरपंच आम्हाला जे प्रश्न फोनवर, बैठकीत, कधी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे उत्तर आधी किंवा पुढे येऊन गेलं आहे, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. समुदाय आधारित पुनर्वसन म्हणजे नेमकं काय? शिबिरं तर आम्हीही घेतो.

शिबिरात दिव्यांग माणूस आपल्याकडे येतो आणि संध्याकाळी मांडव उतरला की विषय संपतो. यात आपण त्याच्या उंबऱ्यापर्यंत जातो, आणि मुख्य म्हणजे पुन्हा पुन्हा जातो. जत तालुक्यातल्या उमदीहून सांगलीचं सिव्हिल शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला या, असं तिथल्या एखाद्या मुलाच्या आईला सांगणं म्हणजे तिला येऊ नका सांगण्यासारखंच. म्हणून आई, आजी, शेजारी, शाळेचे गुरुजी, ग्रामपंचायत यांनाच त्यातलं जमेल तेवढं शिकवायचं, आणि अडलं तरच तज्ज्ञाकडे पाठवायचं.

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुढे आणली. सुरुवातीला ती बरीचशी व्यायाम आणि साधनांपुरती होती. २०१० मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत तिचे पाच विभाग झाले: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण.

२. पाच विभाग, प्रत्येकात पाच घटक, म्हणजे पंचवीस कामं. आम्ही चार जण आहोत. कसं करायचं?

सगळं करायचंच नाही. पंगतीत वाढलं म्हणून सगळं संपवलंच पाहिजे असं नाही. गावात आधीच कोण काय करतंय ते कागदावर मांडा. लहान मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतं, शाळेच्या बाजूने समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, बचत गट असतात. जिथे कुणीच नाही, ती दोन-तीन कामं तुमची. आमच्या तालुक्यात ती बहुतेक वेळा प्रौढ माणसांची असतात. लहान मुलासाठी सगळे धावतात. चाळिशीतला पक्षाघात झालेला गडी खाटेवर पडून असतो आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

एका कार्यकर्त्याकडे किती माणसं द्यायची हेही याच वेळी ठरवा. आमचा अनुभव असा की वस्त्या विखुरलेल्या असतील तर तीस-पस्तीसच्या पुढे वही भरते आणि घरभेट राहते.

३. "घरात कुणी अपंग आहे का?" असं विचारलं की सगळे "नाही" म्हणतात. सर्व्हे कसा करायचा?

प्रश्नच चुकतोय. "अपंग" म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर कुबड्या येतात. कमी ऐकू येणाऱ्या सासूबाई, "जरा हळू आहे" म्हणून घरी ठेवलेली मुलगी या उत्तरात येतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोक दिव्यांग नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज १६ टक्क्यांचा आहे. व्याख्या वेगळ्या आहेत हे खरं, पण विचारण्याच्या पद्धतीचाही त्यात मोठा वाटा आहे.

अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करायची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न वापरा. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? यंत्र लावूनही ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला, एकाग्र व्हायला? अंघोळ, कपडे अशा स्वतःच्या कामांना? बोलणं समजायला, समजावून सांगायला? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडी, खूप, मुळीच जमत नाही. "खूप" किंवा त्यापुढे म्हटलं की ते नाव यादीत घ्यायचं. "अपंग" शब्द एकदाही उच्चारायचा नाही.

दोन सावधगिऱ्या. मानसिक आजार या सहा प्रश्नांतून बऱ्याचदा निसटतात. त्यासाठी आशाताईंना वेगळं विचारावं लागतं. आणि २ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी युनिसेफबरोबर बनवलेली वेगळी प्रश्नावली आहे, मोठ्यांची त्यांना लावू नका.

तिसरी सावधगिरी आमच्या फजितीतून आली. पूर्व जतमधल्या एका घरात आमच्या एका कार्यकर्तीने नोंद केली: "मुलगा बोलत नाही." पुढच्या भेटीला आम्ही दोघं गेलो, तर हे महाशय आजीशी कन्नडमध्ये कोंबडीवरून भांडत होते. त्याला मराठी येत नव्हती, एवढंच. तेव्हापासून त्या गावांत कन्नड बोलणारं कुणीतरी बरोबर असल्याशिवाय आम्ही वही उघडत नाही.

४. सर्व्हे झाला म्हणजे बेसलाइन, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीची नोंद, झाली ना?

नाही. सर्व्हेतून "कोण" कळतं. आज त्या माणसाचा दिवस कसा जातो, हे बेसलाइनमध्ये यायला हवं. सकाळी उठून रात्री झोपेपर्यंत काय काय होतं, कोण मदत करतं, कुठे अडतं, घराबाहेर शेवटचं कधी गेला, हे विचारून लिहा. अर्धं पान पुरतं. ही नोंद नसेल तर वर्षाने "सुधारणा आहे" हे वाक्य कशाशी ताडून लिहिणार?

५. उद्दिष्ट कसं लिहायचं? "सर्वांगीण विकास साधणे" चालेल का?

सर्वांगीण विकास झाला की नाही हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वाचणाऱ्याला ते घर दिसलं पाहिजे असं लिहा: कोण, काय, कुठे, कुणाच्या मदतीने, कधीपर्यंत.

एका मळ्यातलं उदाहरण देतो. नऊ वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही), आधाराशिवाय बसता येत नाही. आमच्या कागदावर उद्दिष्ट होतं: "मान व धड यांवरील नियंत्रण सुधारणे." आईला विचारलं, तुम्हाला काय हवंय? ती म्हणाली, "मी खुरपायला गेले की दुपारपातूर ह्यो तहानलेलाच असतोय. तेवढं पाण्याचं बघा."

मग उद्दिष्ट झालं: "दिवाळीपर्यंत, कोपऱ्याच्या (पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या) खुर्चीत बसून, दोन कानांच्या कपाने स्वतःच्या हाताने पाणी पिणे." गिळताना ठसका लागतो का, हे आधी तपासून घेतलं. सुताराने जुन्या पाटाची खुर्ची केली, पुढे ट्रे लावला, ट्रेला कप बसेल एवढी खाच. व्यायाम मात्र तेच राहिले, कारण मान सावरल्याशिवाय पाणी पिता येतच नाही. फरक इतकाच की ते कशासाठी चाललेत हे आता घराला कळत होतं, आणि आमच्याशिवायही ते रोज होऊ लागले.

६. मग अशा वेगवेगळ्या उद्दिष्टांचं मोजमाप एका पट्टीवर कसं आणायचं?

यासाठी १९६८ पासून वापरात असलेली पाच पायऱ्यांची पद्धत आहे. प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळं, पण पायऱ्या पाचच: उणे दोन ते अधिक दोन. वरच्याच मुलाचं घेऊ. आई चमच्याने पाजते ही आजची स्थिती, म्हणजे उणे दोन. कप धरतो पण तोंडापर्यंत नेताना हात धरावा लागतो, उणे एक. समोर ठेवलेल्या कपातून स्वतः पितो, अर्धं सांडलं तरी चालेल, हे ठरवलेलं उद्दिष्ट, म्हणजे शून्य. फारसं न सांडता पितो, अधिक एक. शेजारच्या तोटीच्या पिंपातून स्वतः भरून घेतो, अधिक दोन.

पाचही पायऱ्या काम सुरू होण्याआधी लिहायच्या, नंतर नाही. नंतर लिहिल्या की बाण मारून त्याभोवती वर्तुळ काढल्यासारखं होतं. आणि वर्षाअखेर तुमची सगळीच माणसं अधिक दोनवर पोचली असतील तर पेढे वाटू नका. पायऱ्या फार ठेंगण्या होत्या. साधारण निम्मी शून्याच्या आसपास असली की आखणी ठीक होती असं आम्ही समजतो.

७. देणगीदाराला "किती व्हीलचेअर वाटल्या" हेच हवं असतं. बाकीचं कुणासाठी लिहायचं?

तो आकडा द्या, खोटा नाही तो. पण त्याच्या शेजारी दुसरा रकाना ठेवा: तीन महिन्यांनी त्यातल्या किती वापरात होत्या.

हा रकाना आम्ही कसा घातला ते सांगतो. एका घरी सोप्यात कोरी व्हीलचेअर उभी होती. हातांवरचं प्लास्टिक तसंच, सीटवर कडब्याची पेंढी. जिच्या नावाची ती खुर्ची, त्या पन्नाशीच्या बाई अंगणात पोत्यावर बसून, हातांनी सरकत शेंगा निवडत होत्या. दाराला वीतभर उंबरा, पुढे दोन पायऱ्या, मग दगडगोट्यांचं अंगण. वाटपाच्या यादीत त्यांचा अंगठा होता आणि आमच्या अहवालात त्या "लाभार्थी" होत्या. खुर्चीचा उपयोग सगळ्यांना होत होता, त्यांच्याशिवाय.

उताराचं साधं गणित आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दीड फूट चढायचं असेल तर अठरा फूट उतार लागतो, आणि तेवढी जागा त्या अंगणात होती. ट्रॉलीभर मुरूम, दोन दिवसांचं काम. पुढच्या भेटीला बाई कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात भेटल्या. उधारी वाढली म्हणून सून कुरकुरत होती, हीही आमच्या हिशेबी प्रगतीच.

देणगीदारालाही असा दुसरा रकाना दाखवला की पुढच्या वेळी ते स्वतःच विचारतात. निदान काही जण तरी.

८. किती दिवसांनी मोजायचं?

घरभेटीला थोडी नोंद, तीन महिन्यांनी पायऱ्या तपासणं, वर्षाने पूर्ण फेरआढावा. ३ डिसेंबरच्या आठवड्यात मात्र काहीही मोजू नका. जागतिक दिव्यांग दिनाच्या सत्कारात आणि वाटपात सगळेच आनंदी असतात.

९. आमच्याकडची निम्मी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांचं मोजमाप कसं करायचं?

पहिली गोष्ट, तुलना एकाच हंगामाची करा. पहिली नोंद श्रावणात आणि दुसरी माघात घेतली तर जे गावी उरलेत त्यांचीच सरासरी निघेल. जे जातात ते बहुतेक जास्त गरजू, म्हणजे आकडे आपोआप छान दिसतील. आम्ही फेरआढावा आषाढ-श्रावणात ठेवतो. तेव्हा पावसाने एखाद्या वस्तीची वाट बंद असते, पण माणसं घरी असतात.

दुसरी, नियोजनातच दोन वाटा ठेवा. मूल टोळीबरोबर फडावर जाणार असेल तर खुर्चीऐवजी गुंडाळून नेता येईल असा आधार, तीनच व्यायाम, आणि मुकादमाचा नंबर वहीत. आजीजवळ गावातच राहणार असेल तर शिकवायचं आजीला. हे न केल्यामुळे पहिल्या वर्षी आमची चार मुलं पाडव्याला परत आली ती आखडलेले पाय घेऊन, आणि आम्ही पुन्हा उणे दोनवर.

१०. काम करणारे आम्ही, मोजणारेही आम्हीच. आकडे फुगणार नाहीत का?

फुगतात. मुद्दाम कुणी करत नाही. ज्या मुलासाठी वर्षभर पायपीट केली त्याला उणे एक द्यायला हात धजत नाही. तीन उपाय आहेत. दर दहा घरांमागे एक घर दुसऱ्या तालुक्याच्या कार्यकर्त्याने, जुनी नोंद न पाहता मोजायचं. जमतं का असं विचारायचं नाही, "दाखवा" म्हणायचं. आणि गुण कमी आले म्हणून बैठकीत कुणालाही बोलायचं नाही. तिसरा उपाय संस्थेच्या प्रमुखांसाठी आहे आणि तोच सगळ्यात अवघड जातो.

११. आजार वाढतच जाणारा असेल तर प्रगती कसली मोजायची?

हा प्रश्न बहुतेक वेळा स्नायूक्षयाच्या, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलांबद्दल येतो. ड्युशेन प्रकारात मुलगा साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणं थांबवतो; औषधांनी ते थोडं लांबतं, पण टळत नाही. तिथे "चालण्यात सुधारणा" असं उद्दिष्ट लिहिणं म्हणजे घरच्यांची फसवणूक, आणि दर भेटीला आपला पराभव.

अशा वेळी दोन प्रकारची उद्दिष्टं ठेवा. एक, जे टिकवायचंय: सांधे आखडू न देणं, पाठ सरळ राहणं, श्वासाची काळजी. इथे "आहे तसंच राहिलं" याला शून्य, म्हणजे ठरवलेलं गाठलं, असे गुण द्यायचे. दुसरं, शरीरावर अवलंबून नसलेलं: शाळा सुटली नाही, परीक्षेला लेखनिक मिळाला, गावच्या जत्रेत मित्रांबरोबर गेला. आमच्या एका मुलाचे पाय थांबले त्याच वर्षी त्याच्या दुसऱ्या यादीतली तीनही उद्दिष्टं पूर्ण झाली. दोन्ही रकाने वेगळे नसते तर ते वर्ष नुसतं "घसरण" म्हणून नोंदलं गेलं असतं.

१२. "सुधारणा दाखवली तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी कमी होऊन पगार बंद होईल" असं पालक म्हणतात. खरं आहे का?

इथे "पगार" म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. ही भीती इतकी खोल आहे की चार पावलं चालणारं मूल आम्हाला पाहून खाली बसतं. आईने तसं शिकवलेलं असतं, आणि तिला दोष देता येत नाही.

टक्केवारी शरीरातल्या दोषावर काढतात: सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती, ऐकू किती डेसिबलला येतं. घरात दांडी बसवली, चमच्याला जाड मूठ केली आणि मूल स्वतः जेवू लागलं, म्हणून ती घटत नाही. ४० टक्के ही बहुतेक योजनांची किमान अट आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, रंगही त्यावरूनच ठरतो: ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि पुढे निळं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मात्र मुदत संपल्यावर फेरतपासणी होते आणि आकडा बदलू शकतो, हेही स्पष्ट सांगा. लपवू नका.

आपली वही तहसीलला किंवा सिव्हिलला जात नाही, हे पहिल्याच भेटीत सांगायचं आणि पाळायचं. आणि टक्केवारी कधीही प्रगतीचा निर्देशक म्हणून वापरू नका.

१३. बदल आमच्या कामामुळेच झाला कशावरून?

बहुतेक वेळा एकट्याने झालेला नसतोच. मूल शाळेत जाऊ लागलं ते नव्या बाई आल्या म्हणूनही असेल. "आमच्यामुळे" हे सिद्ध करत बसण्यापेक्षा घरच्यांना विचारा: हे कसं घडलं, कुणी काय केलं? त्यांच्या गोष्टीत तुमचं नाव तिसरं किंवा चौथं आलं तर तसंच लिहा. कधीकधी येतच नाही. तेव्हा चहा पिऊन यावं.

१४. एकेका माणसाचं कळलं. गाव बदललं का, हे कसं मोजायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये यासाठी निर्देशकांची पुस्तिका काढली. तिच्यातली कामाची कल्पना एकच सांगतो: दिव्यांग माणसाची तुलना त्याच गावातल्या इतरांशी करा. गावातल्या चाळीस टक्के बायका बचत गटात असतील आणि दिव्यांग बायकांपैकी एकही नसेल, तर दरी दिसली. गावात शौचालयंच नसतील तर तो वेगळा प्रश्न, त्याचं खापर अपंगत्वावर फोडू नका.

दुसरी जागा ग्रामपंचायत. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो खर्च झाला का, हा सोपा प्रश्न. कशावर करायचा हे कुणी ठरवलं, हा खरा. आम्ही ग्रामसभेच्या इतिवृत्तात पाहतो: किती दिव्यांग हजर होते, कुणी तोंड उघडलं का, त्यांचं म्हणणं ठरावात आलं का. एका गावात तीन वर्षं दिवाळीला ठरावीक रक्कम वाटली जात होती. चौथ्या वर्षी गटातल्या एका अंध तरुणाने उठून सांगितलं की पैसे नकोत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला उतार आणि कठडा करा. अर्ध्या सभासदांना राग आला, त्यात दिव्यांगही होते. वहीत ती तारीख आम्ही लाल पेनने लिहिली आहे.

१५. मध्येच सोडून गेलेली, वारलेली माणसं हिशेबातून गाळायची का?

वारलेल्यांची वेगळी नोंद करा, कारणासह. सोडून गेलेली मात्र एकूण संख्येत राहतात. साठ जणांपासून सुरुवात केली आणि वर्षाअखेर चाळीस उरले, तर "चाळीसपैकी तीस सुधारले" असं लिहू नका; "साठपैकी तीस" लिहा. आणि गेलेल्या वीसांपैकी पाच घरी जाऊन का सोडलं ते विचारा. आम्हाला एकदा उत्तर मिळालं, "तुम्ही आला की दिवसाचा रोजगार बुडतोय." भेटीची वेळ संध्याकाळी सहानंतर केली तशी ती घरं परत आली. हंगामी स्थलांतर यात धरू नका. त्याचं उत्तर ९ मध्ये आहे.

१६. नोंदी मोबाईल अ‍ॅपवर ठेवाव्यात की वहीत?

जे भरलं जाईल त्यात. घरी एक वही ठेवा, ती त्या कुटुंबाच्या मालकीची. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि माणसाला स्वतःला विचारा, फक्त वडिलांना नाही.

१७. एखाद्याचं काम "पूर्ण झालं" असं कधी म्हणायचं?

हे कुणी फारसं ठरवत नाही, त्यामुळे जुनी माणसं यादीत राहतात आणि नव्यांना जागा मिळत नाही. आमचा नियम असा: सलग दोन तिमाहींत पायरी घसरली नाही, घरातल्या किमान दोघांना सगळं जमतं, आणि अडचण आली तर कुठे जायचं हे त्यांना माहीत आहे. मग भेटी बंद करायच्या, पण सहा महिन्यांनी एकदा न कळवता जायचं.

पाणी पिणाऱ्या त्या मुलाकडे गेल्या आषाढात आम्ही असेच गेलो. आई रानात होती. ट्रेवरचा कप गायब, त्या जागी मोबाईल. आणि पाणी? शेजारच्या पोराकडे बोट करून त्याने हाक मारली. वहीतल्या पाच पायऱ्यांत हे कुठेच बसत नव्हतं, म्हणून खाली समासात लिहिलं: "माणसाकडून मागून घेतो."